बादलीतलं पाणी आणि नकाशातला समुद्र

भूगोलाच्या पेपरात नकाशा भरताना समुद्राला आपण किती सहज उरकतो! जमिनीवर नद्या, डोंगर, रेल्वे, कोळशाच्या खाणी काढताना घाम फुटतो. समुद्राचं मात्र सोपं काम. निळा खडू आडवा धरायचा आणि किनाऱ्याकिनाऱ्याने फिरवायचा. झाला समुद्र!

आता एखादा मोठा ॲटलास उघडा. त्यात समुद्राचे कितीतरी नकाशे दिसतील. कुठे पाणी किती गरम, कुठे किती खारट, कुठे किती खोल, कुठे शेवाळ जास्त. प्रत्येक नकाशा रंगांनी अगदी काठोकाठ भरलेला. एकही जागा कोरी नाही. बघणाऱ्याला वाटावं, कुणीतरी सगळा समुद्र हाताने चाचपून पाहिलाय.

मग मनात एक आगाऊ प्रश्न येतो. एवढ्या अफाट पाण्यात हे सगळं मोजलं कुणी? कशाने? आणि त्या मोजणाऱ्यावर विश्वास किती ठेवायचा?

प्रश्न आगाऊ असला तरी चांगला आहे. मोठमोठे शास्त्रज्ञ हाच प्रश्न विचारण्यात आयुष्य घालवतात. त्यांच्याच काही गोष्टी आज सांगणार आहे. पहिली गोष्ट एका बेटाची.

बेट गेलं कुठे?

नोव्हेंबर २०१२. ‘सदर्न सर्व्हेयर’ नावाचं ऑस्ट्रेलियाचं संशोधन जहाज प्रवाळ समुद्रातून चाललं होतं. सिडनी विद्यापीठातल्या मारिया सेटन आणि त्यांचे सहकारी जहाजावर होते. काम होतं समुद्रतळाचा अभ्यास. त्यांच्याजवळच्या नकाशात ऑस्ट्रेलिया आणि न्यू कॅलेडोनिया यांच्या दरम्यान एक बेट होतं, सँडी आयलंड. लहानसहान ठिपका नव्हे बरं का! जवळजवळ २४ किलोमीटर लांब आणि ५ किलोमीटर रुंद. म्हणजे चर्चगेटला निघालात तर अंधेरी ओलांडेपर्यंत बेटच.

पण गंमत अशी, की जहाज चालवायच्या नकाशात त्याच जागी बेटबिट काही नव्हतं. तिथे खोली लिहिली होती. एक नकाशा म्हणतो जमीन, दुसरा म्हणतो खोल पाणी. आता काय करायचं? कप्तानाने जपून जहाज त्या दिशेला नेलं. सगळे डोळे फाडून बघतायत. जिथे वाळूचा किनारा दिसायला हवा होता तिथे लाटाच लाटा. खोली मोजली तर कधी १,३०० मीटर, कधी १,४०० मीटर.

बेट बुडालं म्हणाल, तर तसंही नाही. ते तिथे कधी नव्हतंच.

मग नकाशात आलं कसं? १८७६ साली ‘व्हेलॉसिटी’ नावाचं देवमाशांची शिकार करणारं जहाज त्या भागातून गेलं होतं. त्याच्या कप्तानाने फुटणाऱ्या लाटा आणि वाळूची बेटं पाहिल्याची नोंद केली. ती नोंद पुढे १९०८ च्या ब्रिटिश नाविक नकाशात शिरली. कप्तान खोटारडा होता असं मुळीच नाही. त्या भागात समुद्राखालचे ज्वालामुखी आहेत. त्यांच्यातून भोकाभोकाचा, पाण्यावर तरंगणारा दगड बाहेर पडतो. टाचा घासायला काही जण तो हलका दगड वापरतात ना, तोच. त्याचे मैलोन्‌मैल लांबीचे तांडे समुद्रावर तरंगत जातात. लांबून बघणाऱ्याला वाळूचा किनाराच वाटावा! कप्तानाला असाच एखादा तांडा दिसला असावा, असा सेटन आणि त्यांच्या सहकाऱ्यांचा तर्क आहे.

एका माणसाने एकदा, लांबून पाहिलेली गोष्ट. पण मला खरं नवल वाटतं ते पुढच्या शंभर वर्षांचं. कागदावरचे जुने नकाशे संगणकात भरायची वेळ आली, तेव्हा जगातल्या सगळ्या किनाऱ्यांची एक मोठी यादी तयार झाली. तिच्यात सँडी आयलंडही चढलं. मग ज्यांनी ज्यांनी ती यादी घेतली, त्यांच्या त्यांच्या नकाशात हे बेट आपोआप आलं. फ्रेंचांनी १९७० च्या दशकातच आपल्या नाविक नकाशातून ते काढून टाकलं होतं. पण ही बातमी बाकीच्यांपर्यंत पोचलीच नाही. गूगलच्या नकाशातसुद्धा ते २०१२ पर्यंत दिमाखात बसलं होतं!

आता विचार करा. एखाद्याने चार नकाशे काढले, चारही नकाशांत बेट पाहिलं आणि म्हटलं, ‘‘चार-चार साक्षीदार आहेत, म्हणजे खरंच असणार!’’ तर चुकलं कुठे? साक्षीदार चार नव्हतेच. एकच होता, बाकीच्या तिघांनी त्याच्या वहीतून उतरवून घेतलं होतं. परीक्षेत चार जणांचं एकच चुकीचं उत्तर आलं की सर लगेच ओळखतात ना? तसंच हे.

बेट पाहता येतं, कालचं पाणी नाही

बेटाचा निकाल लागला, कारण जहाज त्या जागी जाऊन बघू शकलं. पण समजा नकाशा बेटाचा नसून तापमानाचा आहे. १९४५ च्या ऑगस्टमध्ये अटलांटिक महासागर किती गरम होता, हे दाखवणारा. तो बरोबर की चूक हे कसं तपासणार? १९४५ चं पाणी मोजायला आज जाता येत नाही. तेव्हा कुणीतरी जे लिहून ठेवलं तेवढंच आपल्या हातात.

आणि या आकड्यांवर बरंच काही अवलंबून आहे. माणसाने हवेत सोडलेल्या वायूंमुळे पृथ्वीवर जी जादा उष्णता साठतेय, तिच्यातला ९० टक्क्यांच्या आसपास वाटा समुद्राने पोटात घेतलाय. पृथ्वी खरंच तापतेय का, किती वेगाने, हे समजायचं तर समुद्राचं तापमान आज किती आणि पूर्वी किती होतं, दोन्ही माहीत हवं.

पूर्वीचं तापमान मोजलं कशाने? तर बादलीने!

हसू नका. १८५३ साली ब्रुसेल्स शहरात निरनिराळ्या देशांच्या दर्यावर्दींची एक परिषद भरली होती. अमेरिकन नौदलातले मॅथ्यू फाँटेन मॉरी हे तिच्यामागचे मुख्य गृहस्थ. जहाजांनी वारा, हवा आणि पाण्याच्या नोंदी एकाच पद्धतीने ठेवायच्या असं तिथे ठरलं. तेव्हापासून हजारो जहाजांवर एक नेमाचं काम सुरू झालं. दोरी बांधलेली बादली समुद्रात टाकायची, पाणी वर ओढायचं, त्यात तापमापी बुडवायची आणि आकडा वहीत लिहायचा. ऊन असो, वादळ असो, मध्यरात्र असो.

आधी बादल्या लाकडी होत्या. मग कॅनव्हासच्या आल्या. आणि इथेच गडबड झाली. तुमच्या आजोबांना विचारा, पूर्वी ट्रकच्या पुढे पाण्याची कापडी छागल टांगलेली असायची. उन्हातान्हात ट्रक चालतोय आणि छागलीतलं पाणी मात्र थंडगार! कारण ओल्या कापडातून पाणी झिरपतं, वाऱ्याने त्याची वाफ होते आणि ती वाफ जाताना पाण्यातली उष्णता घेऊन जाते. आपल्या माठाचंही तेच. कॅनव्हासची बादली म्हणजे समुद्रावरची छागलच की! खलाशाने पाणी वर ओढलं, तापमापी शोधली, शेजाऱ्याशी दोन शब्द बोलला, तोवर पाणी थोडं निवलं. वहीत आकडा पडला तो निवलेल्या पाण्याचा.

पुढे इंजिनाची मोठी जहाजं आली. इंजिन थंड ठेवायला ती समुद्राचं पाणी आत खेचून घेतात. मग त्या पाण्याचंच तापमान इंजिनखोलीत मोजलं तर? बादली टाकायला नको, भिजायला नको. पण इंजिनखोली म्हणजे भट्टीच. तिथे पोचेपर्यंत पाणी जरासं कोमट होतं. म्हणजे बादली सांगणार थोडं कमी आणि इंजिनखोली सांगणार थोडं जास्त. फरक फार नाही, अंशाचे काही दशांश. पण शंभर वर्षांत जगाचं तापमान किती वाढलं हेसुद्धा दशांशांतच मोजायचं असतं. तिथे एवढा फरक डोंगराएवढा ठरतो.

लढाई संपली आणि समुद्र गार पडला!

आता ही माझी सर्वांत आवडती गोष्ट.

समुद्राच्या तापमानाच्या जुन्या आलेखात एक चमत्कारिक पायरी होती. १९४५ च्या अखेरीला जगाचं तापमान एकदम सुमारे ०.३ अंश सेल्सियसने खाली येताना दिसायचं. हळूहळू नव्हे, धप्पकन्. इतक्या मोठ्या पृथ्वीला अचानक काय झालं? ज्वालामुखी फुटला म्हणावं, तर तसा मोठा स्फोट नव्हता. काहींना वाटे, महायुद्धाचा काही परिणाम असेल.

२००८ साली डेव्हिड थॉम्प्सन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ही पायरी नीट तपासली. पॅसिफिकमधल्या एल निनोमुळे होणारे चढउतार त्यांनी आधी हिशेबातून वजा केले. इतर ओळखीचे चढउतारही काढले. तरी पायरी जशीच्या तशी! मग त्यांनी एक साधी युक्ती केली. जमिनीवरच्या हवामान केंद्रांचे आकडे वेगळे काढले आणि समुद्राचे वेगळे. जमिनीच्या आकड्यांत पायरीचा पत्ताच नव्हता. फक्त समुद्र गार पडला होता. शेजारची जमीन मात्र मजेत!

मग त्यांनी त्या काळात नोंदी करणारी जहाजं कुणाची होती ते पाहिलं. आणि गुपित फुटलं. जानेवारी १९४२ ते ऑगस्ट १९४५ या काळात सुमारे ८० टक्के नोंदी अमेरिकन जहाजांच्या होत्या आणि ब्रिटिशांच्या जेमतेम ५ टक्के. अमेरिकन जहाजं बहुतेक इंजिनखोलीत तापमान मोजत. युद्ध संपलं, ब्रिटिश जहाजं पुन्हा आपल्या कामाला लागली. १९४५ च्या अखेरपासून १९४९ पर्यंत ब्रिटिश नोंदी झाल्या सुमारे ५० टक्के आणि अमेरिकन उरल्या ३० टक्के. ब्रिटिश जहाजांवर बादलीची प्रथा होती.

कळलं का काय झालं? समुद्र गार पडलाच नव्हता. मोजणारे बदलले होते!

मला विचाराल तर या गोष्टीत कुणाचंच चुकलं नाही. अमेरिकन खलाशाने जे दिसलं ते लिहिलं, ब्रिटिश खलाशानेही तेच केलं. प्रत्येक आकडा प्रामाणिक. पण ‘कशाने मोजलं’ हे आकड्याच्या शेजारी ठळकपणे लिहिलेलं नसेल, तर दोन प्रामाणिक आकडे मिळूनसुद्धा फसवू शकतात.

दुसरा एक घोटाळा तर याहून लहान आणि याहून गमतीदार आहे. १९३० च्या दशकातल्या आणि त्यानंतरच्या काही जपानी जहाजांच्या नोंदी पुढे कागदावरून यंत्रासाठी उतरवल्या गेल्या. उतरवताना दशांश चिन्हापुढचा आकडा गाळला. २६.१ चे झाले २६ आणि २६.९ चेही झाले २६! आता तुम्हीच हिशेब करा. ० ते ९ या दहा आकड्यांची सरासरी येते ४.५. म्हणजे अशा नोंदी सरासरी जवळजवळ अर्ध्या अंशाने खाली गेल्या. कागद-शाई वाचवायला नव्हे, जागा वाचवायला एक आकडा गाळला आणि पॅसिफिकचा तेवढा तुकडा नकाशावर गार झाला.

२०१९ साली डुओ चॅन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हे उघडकीला आणलं. त्यांनी एकमेकांच्या जवळून, जवळपास एकाच वेळी गेलेल्या दोन-दोन जहाजांच्या नोंदी शेजारी ठेवल्या. एकाच जागच्या पाण्याला एक जहाज नेहमी कमी सांगतंय, तर दोष पाण्यात नाही! जर्मन जहाजांच्या काही नोंदींतही घोटाळा निघाला. सगळं दुरुस्त केल्यावर विसाव्या शतकाच्या सुरुवातीचा नकाशा बदलला. पूर्वीच्या नकाशात उत्तर अटलांटिक भराभर तापताना दिसे आणि उत्तर पॅसिफिक जेमतेम. दुरुस्तीनंतर दोघांच्या तापण्यात तेवढा भेद राहिला नाही. पूर्वीचा नकाशा पाहून ‘असं का झालं असेल’ यावर डोकं खाजवणाऱ्यांचं काय झालं असेल, कुणास ठाऊक!

पाण्यात बुडी मारणारे यंत्रमानव

तुम्ही म्हणाल, ते बादलीचे दिवस गेले. आता उपग्रह आहेत, संगणक आहेत. आता कसली चूक?

बघू या.

१९९९-२००० च्या सुमारास ‘आर्गो’ नावाची एक जगाची मिळून योजना सुरू झाली. माणसाच्या उंचीएवढी, नळकांड्यासारखी यंत्रं समुद्रात सोडायची. असं यंत्र १,००० मीटर खोलीवर प्रवाहाबरोबर वाहत राहतं. मग २,००० मीटरपर्यंत बुडी मारतं आणि वर येता येता प्रत्येक थरातलं तापमान आणि खारटपणा मोजतं. पाण्यावर डोकं काढलं की उपग्रहाला सगळा हिशेब सांगतं आणि पुन्हा खाली. दर दहा दिवसांनी एक फेरी. आज अशी सुमारे ४,००० यंत्रं जगभरच्या समुद्रांत फिरतायत. आपला भारतही या योजनेत आहे. हिंदी महासागरातल्या आपल्या आर्गोंचं काम हैदराबादची ‘इन्कॉइस’ ही संस्था पाहते.

तर २००६ साली अमेरिकेतल्या तीन शास्त्रज्ञांनी एक निबंध प्रसिद्ध केला. जॉन लायमन, जोश विलिस आणि ग्रेगरी जॉन्सन. २००३ ते २००५ या दोन वर्षांत समुद्राचा वरचा थर चक्क थंड झालाय, असं त्यांना आकड्यांत दिसलं होतं. खळबळ माजली! जगाची तापमानवाढ थांबली की काय?

पण विलिस यांना चैन पडेना. कारण उपग्रह समुद्राची पातळी मोजत होते आणि ती वाढतच होती. पाणी तापलं की फुगतं, हे तुम्ही विज्ञानात शिकलात. समुद्र थंड झाला असेल तर पातळी वाढते कशी? सगळा फरक बर्फ वितळल्याने पडला म्हणावं, तर तेवढा बर्फ वितळल्याचा पुरावा नव्हता. दुसरे काही उपग्रह पृथ्वीवर येणारी आणि तिच्यापासून जाणारी उष्णता मोजत होते. त्यांचाही हिशेब जुळेना. घरातल्या दोन घड्याळांत एक वाजलाय आणि तिसऱ्यात दोन, तर आपण कुठलं घड्याळ हातात घेऊन हलवून बघतो?

विलिस यांनी आपले आकडे पुन्हा उपसायला घेतले. निबंध छापून झालेला, नाव झालेलं, तरीही. नकाशावर पाहिलं तर सगळी थंडी अटलांटिकच्या एका भागात गोळा झालेली. तिथल्या आर्गोंची एकेक करून तपासणी केली. त्यांतल्या एका प्रकारच्या यंत्रांत बिघाड निघाला. ती तापमान बरोबर मोजत होती, पण आपण किती खोलीवर आहोत ते चुकीचं सांगत होती. समुद्रात जितकं खोल जावं तितकं पाणी थंड. त्यामुळे खालच्या थराचं थंड तापमान वरच्या थराच्या नावावर पडत होतं. ती यंत्रं बाजूला काढली आणि बहुतेक सगळी थंडी पळाली!

उरलेला घोटाळा जुन्या पद्धतीच्या मोजणीत निघाला. जहाजावरून बारीक तारेला बांधलेली एक मोजणी-नळी पाण्यात सोडत. तिला खोली मोजताच येत नाही. पाण्यात पडल्यापासून किती वेळ गेला, त्यावरून ती किती खोल गेली असेल असा हिशेब करतात. नळी जरा हळू किंवा जरा वेगाने बुडाली की सगळे आकडे सरकले. त्या नळ्या थोडं जास्तच गरम सांगत होत्या. आधी जास्त सांगणाऱ्या नळ्या आणि मग कमी सांगणारे आर्गो, अशा जोडगोळीमुळे समुद्र थंड होताना दिसला.

२००७ साली विलिस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी आपली चूक छापून कबूल केली. आपलाच गाजलेला निबंध आपणच खोडायचा, ही काही सोपी गोष्ट नव्हे. मला वाटतं, त्यासाठी मूळ निबंध लिहिण्यापेक्षा जास्त हिंमत लागली असेल.

आता प्रत्येक आर्गोचा आकडा आला की आधी त्याची संगणकाकडून झडती होते. तारीख खरी आहे ना? तापमान उणे २.५ आणि ४० अंशांच्या मध्ये आहे ना? शेजारच्या थरापेक्षा एकदम उडी तर नाही ना? यंत्र जमिनीवर तर फिरत नाही ना? हो, हाही प्रश्न खरोखर विचारतात! मग आकड्याला खूण मिळते. १ म्हणजे चांगला, २ म्हणजे बहुधा चांगला, ३ म्हणजे बहुधा वाईट, ४ म्हणजे वाईट. पुढे काही महिन्यांनी जाणकार माणसं तेच आकडे पुन्हा निवांत तपासतात. म्हणून घाईच्या कामाला ताजे आकडे वापरतात, पण अभ्यासाचा नकाशा काढायचा तर हे दुसऱ्यांदा तपासलेलेच चांगले.

निळ्या रंगाखाली काय दडलंय?

तळाच्या नकाशांची कथा थोडक्यात सांगतो. जगातल्या समुद्रतळाचा नकाशा पाहिला तर डोंगर, दऱ्या, सगळं कसं झकास दिसतं. पण जहाजावरून ध्वनिलहरी सोडून खरोखर मोजलेला तळ २०२५ च्या जूनपर्यंत जेमतेम २७ टक्के झाला होता. बाकीचं? बाकीचं बरंचसं उपग्रहांच्या मदतीने केलेलं अनुमान. पाण्याखाली मोठा डोंगर असला की त्याच्या गुरुत्वाकर्षणाने आजूबाजूचं पाणी ओढलं जातं आणि वरचा पृष्ठभाग किंचित फुगतो. तो फुगवटा उपग्रह मोजतो आणि त्यावरून डोंगर ताडतात. कल्पना अफलातून आहे, पण लहान डोंगर त्यातून निसटतात.

आणि निसटलेला डोंगर महागात पडू शकतो. ८ जानेवारी २००५ ला ‘सॅन फ्रान्सिस्को’ ही अमेरिकेची अणुपाणबुडी गुआम बेटाच्या दक्षिणेला पाण्याखालच्या एका डोंगरावर पूर्ण वेगात आदळली. एक खलाशी दगावला, ९८ जण जखमी झाले. वापरात असलेल्या नकाशावर तो डोंगर नव्हता. मात्र दुसऱ्या काही नकाशांवर त्याच भागात ‘पाण्याचा रंग वेगळा दिसतो’ अशी खूण होती. बारीकशी खूण! ती त्या नकाशावर उतरवलीच गेली नव्हती.

म्हणूनच आता समुद्रतळाच्या जागतिक नकाशाबरोबर त्याचा एक जुळा भाऊ मिळतो. मोनॅकोचे राजे पहिले आल्बर्ट यांच्या पुढाकाराने १९०३ साली सुरू झालेली ‘जेब्को’ ही योजना हा नकाशा काढते. जुळ्या नकाशात खोली नसते. इथला आकडा जहाजाने मोजलाय, इथला उपग्रहावरून ताडलाय, इथला शेजारच्या दोन आकड्यांवरून भरलाय, असं चौकोनाचौकोनाला लिहिलेलं असतं. हे दोन्ही नकाशे शेजारी ठेवून पाहिले की सुंदर रंगांमागे किती अंदाज आहे ते कळतं. जहाजांच्या संगणकातल्या नकाशावर तर चक्क तारे असतात. उत्तम सर्वेक्षण झालेल्या भागाला सहा तारे, जेमतेम भागाला दोन.

कोळीवाड्यातला नकाशा

हे सगळं लांबच्या समुद्रांचं झालं असं वाटतंय? मग आपल्या कोकणात या. ‘इन्कॉइस’ मच्छीमारांसाठी मासे कुठे मिळण्याची शक्यता आहे याचा सल्ला देते, मराठीतूनसुद्धा. उपग्रहावरून समुद्राचं तापमान आणि पाण्यातलं हिरवं द्रव्य पाहायचं. गार आणि कोमट पाणी जिथे भेटतं, हिरवी सूक्ष्म वनस्पती जिथे वाढते, तिथे मासे गोळा होतात. एवढ्या मोठ्या दर्यात डिझेल जाळत भटकण्यापेक्षा तिकडे नाव नेलेली बरी.

पण या उपग्रहालाही खोडी आहेत. तापमान तो फक्त पाण्याच्या वरच्या कातडीचं पाहतो, एक मिलिमीटरही खोल नाही. ढग आले की त्याचे डोळे मिटतात. आणि किनाऱ्याजवळ गढूळ पाणी असलं की तो गोंधळतो. गाळ कुठला आणि हिरवं द्रव्य कुठलं, नीट ओळखत नाही. मुंबईपासून वर खंबातच्या आखातापर्यंत गाळ भरपूर. म्हणजे नकाशावर किनाऱ्यालगत गडद हिरवं दिसलं म्हणून सगळी माशांची खाण समजायची नाही. कुणा जुन्या तांडेलाला विचाराल तर तो आधी पाण्याचा रंग पाहील आणि मगच कागद.

तुम्हीच करून बघा

आता एक प्रयोग. एक प्लॅस्टिकची बादली, एक स्टीलचं पातेलं आणि एक जाड कापडी पिशवी किंवा जुना माठ घ्या. तिन्हींत नळाचं सारखंच पाणी भरा. सावलीत, पण वारा लागेल असं ठेवा. शाळेच्या प्रयोगशाळेतली साधी तापमापी मागून घ्या. ताप बघायची घेऊ नका, ती ३५ अंशांच्या खाली काही सांगतच नाही. दर पाच मिनिटांनी, अर्धा तास, तिन्हींचं तापमान लिहा. मग तापमापी मित्राच्या हातात द्या आणि त्याला परत वाचायला सांगा. तुमचा नि त्याचा आकडा किती वेळा जुळतो ते बघा. वहीत आकड्याच्या शेजारी भांडं, वेळ, वारा आणि वाचणाऱ्याचं नाव लिहायला विसरू नका.

एक कबुली देऊन थांबतो. मी सातवीत असताना आमच्या शाळेच्या गच्चीवर तापमापी होती आणि रोजचं तापमान लिहायचं काम माझ्याकडे होतं. रविवारी शाळा बंद. मग सोमवारी सकाळी मी शनिवार आणि सोमवार यांच्या मधला एक छानसा आकडा रविवारच्या रकान्यात भरायचो. दिवाळीच्या सुट्टीत तर एकदा पूर्ण तीन आठवडे एका बैठकीत लिहिले होते, निळ्या शाईत, सुंदर अक्षरात. सरांनी शेरा दिला होता, ‘नोंदी नीटनेटक्या.’ ती वही अजून शाळेच्या कपाटात असेल, तर कुणी कृपा करून तिच्यावरून आलेख काढू नका!